दाब, धर, सोड

रविवारी दुपारी चार वाजता चिरंजीव गाडीखाली होते, सूनबाई स्टिअरिंगपुढे होती आणि आई दोघांच्या मधोमध, गाडीच्या उघड्या दाराशी, प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. गेले नऊ दिवस तिची जागा मधेच होती. आज फक्त स्टूल अंगणात आलं होतं.

नवराबायकोचा अबोला सुरू झाला तोच मुळी ब्रेकवरून. सिग्नलला गाडी थांबली की पायाखालचं पेडल हळूहळू खाली जाऊन तळाला टेकायचं. गॅरेजवाल्यानं चाकं पाहिली, पाइप पाहिले, तेलाची पातळी पाहिली आणि म्हणाला, "तेल बाहेर कुठंच गळत नाही. पेडलमागच्या मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय. चार दिवस गाडी सोडा." पण चिरंजीव शाळेत विज्ञान शिकवतात. द्रवाच्या दाबावर त्यांच्या पुस्तकात अख्खा धडा आहे. तेव्हा हे काम घरीच करायचं ठरलं. "तू धडा शिकवतोस, गाड्या दुरुस्त करत नाहीस," एवढंच सूनबाई म्हणाली, आणि तिथून दोघांनी तोंडं फिरवली.

तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं आईमार्गे. "आई, तिला विचार, माझा निळा शर्ट कुठाय?" "आई, त्याला सांगा, जिथं फेकला होता तिथंच आहे." आईनं तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनी जोडल्या होत्या, त्यामुळे काम हातखंडा. पण तिथं जे तिनं एकदाही केलं नाही, ते ती घरात बिनदिक्कत करत होती. निरोप पोचवायच्या आधी ती त्याला साखरेत घोळवायची. शर्टाचा निरोप चिरंजीवांपर्यंत पोचला तो असा, "अरे, ती म्हणते, थांब, शोधून देते." संसार टिकवायचा तर एवढी भेसळ चालते, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

आणि उद्या सकाळी आठला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. चार महिने वाट पाहून मिळालेली तारीख, आणि दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. मनातून ती चांगलीच घाबरली होती. "टॅक्सी सांगू या का?" तिनं दोनदा विचारलं.

"दारात गाडी असताना टॅक्सी?" चिरंजीव उखडले. सिलिंडर त्यांनी बदलला होता, तोही व्यवस्थित. पण आता पेडल हळूहळू नाही, एका झटक्यात तळाला जात होतं. "आत हवा शिरलीय. द्रव दबत नाही, हवा दबते. हवा काढली की झालं. दहा मिनिटांचं काम!"

या दहा मिनिटांना आता दीड तास झाला होता.

रीत तशी सोपी होती. वरच्यानं पेडल दाबून धरायचं, खालच्यानं चाकामागचा छोटा स्क्रू सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर आले की स्क्रू आवळायचा, आणि मगच पेडल सोडायचं. जरा आवाज चढवला असता तर दोघांना एकमेकांचं सहज ऐकू गेलं असतं. पण अबोल्यात आवाज चढवायची सोय नसते.

"आई, तिला सांग, दाब," गाडीखालून आवाज आला.

"अगं, तो म्हणतोय, दाबतेस का जरा? सावकाश हं, सकाळपासून राबतेयस."

सूनबाईनं पेडल दाबलं आणि सोडून दिलं. दाबायचा निरोप आला होता, धरायचा आला नव्हता. अबोल्यात सांगितलं तेवढंच करायचं असतं.

"धरून ठेवायला सांग!" चिरंजीवांनी तोवर स्क्रू सैल केलाही होता.

"आणि धरून ठेवायचंय बरं का. तुला काय, सवयच आहे. दिवसभर पेशंटना हेच तर सांगतेस." सूनबाई फिजिओथेरपिस्ट होती.

खालून 'फुर्र' असा आवाज आला. "गेली! पुन्हा हवा आत गेली! तिला विचार, तिला काही कळतं का?" चिरंजीव दातओठ खात पुटपुटले.

"अगं, तो विचारतोय, तुला पाणी हवंय का?"

"नको म्हणावं."

"ती नाही म्हणते रे."

"नाही ना? मला वाटलंच!"

असं तिन्हीसांजेपर्यंत चाललं. तेलाच्या दोन बाटल्या संपल्या. तिसरीच्या तळाशी चार बोटं तेल उरलं आणि दुकानं रविवारची बंद. आईला धूसर दिसत होतं, पण कान तिचे आयुष्यभर याच कामात मुरलेले. तिनं डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. खालून 'धर'. मग तिचं स्वतःचं लांबलचक वाक्य. त्या वाक्याच्या पोटात कुठंतरी पेडल सुटल्याचा खट्. मग फुर्र. पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच.

एक्स्चेंजमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट तिला आठवली. लाइन जोडून दिली की आपण बाजूला व्हायचं, मधे बसून राहायचं नाही. गळती कुठं आहे ते तिला समजलं. ती सिलिंडरमध्ये नव्हती, स्टुलावर होती. आईला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या दोघांचा राग आला.

"आई, तिला सांग..."

"या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत," आई ठेवणीतल्या आवाजात म्हणाली आणि स्टूल उचलून घरात गेली.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी ती कान लावून उभी राहिली. मग गाडीखालून घसा खाकरल्याचा आवाज.

"दाब."

खाली पाना खणकला.

"दाब ना."

"दाबलंय."

"धर."

"धरलंय."

"सोडू नकोस हं."

"नाही सोडत."

स्क्रू फिरला. बुडबुडे निघाले. "आता सोड." चौथं चाक होईपर्यंत दोघंही हसत होती. "अरे, दगडासारखं लागतंय!" सूनबाई ओरडली, आणि तळाच्या तेलातलं बोटभर उरलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पिशवी आणि रिपोर्टची फाइल मागच्या सीटवर ठेवली. पुढच्या सीटवर नऊ दिवसांचं तुंबलेलं बोलणं धो धो वाहत होतं. त्यात आईनं "कुलूप लावून येते" म्हटलेलं कुणाला ऐकू जाणार? कुलूप लावून ती वळली, तर गाडी फाटकाबाहेर पडली होती.

आई किल्ली हातात घेऊन फाटकात उभी राहिली. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. तिथं लाल रंगाचे दोन धूसर ठिपके उजळले आणि गाडी जागच्या जागी थांबली, वीतभरसुद्धा पुढं सरकली नाही. मग ती उलटी येऊ लागली. दोन्ही खिडक्यांतून दोन डोकी बाहेर.

"आई! फाइल घेतलीस का विचारतोय, तर उत्तरच नाही!"

"अहो आई, हाक तरी मारायचीत!"

"तुम्ही दोघं बोलत होतात," आई मागच्या सीटवर सावकाश टेकत म्हणाली. "आणि मधे बोलणं मी कालपासून सोडलंय."