सर्वांना पोहोचता येईल अशी जागा

दाखले खात्याच्या तळमजल्यावर चाकांची खुर्ची आत जाईल असा एक संडास बांधण्यात आला होता, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवलं पाहिजे. खात्याने काहीच केलं नाही, असं नंतर कोणी म्हणायला नको. दरवाजा चांगला ऐसपैस होता, उंबरठा नव्हता, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे होते, आणि फीत कापायला खुद्द सचिव आले होते. टाळ्या झाल्या. आत मात्र कोणी गेलं नाही. नुकत्याच उद्घाटन झालेल्या वास्तूत एकदम जायचं कसं, असा सगळ्यांनाच संकोच पडला.

ज्यांच्यासाठी तो बांधला त्या खिडकीवाल्या ताई. खात्यात चाकांच्या खुर्चीवर बसणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे ताई. बाकी सगळे बिनचाकांच्या खुर्च्यांवर बसत आणि खरं सांगायचं तर ताईंपेक्षा कमीच हलत. ताईंनी थोडे दिवस तो संडास वापरला. नोकरीतले तेवढेच दिवस काय ते सुखाचे गेले. त्या दिवसांत त्यांनी सकाळचा चहा घेतला, दुपारचाही घेतला, आणि एकदा तर उगाचच, कारण नसताना, ग्लासभर गार पाणी प्यायल्या.

मग वरून आदेश आला. प्रत्येक खात्यात ‘विविधता व समावेशकता कक्ष’ स्थापन करावा, आणि तो सर्वांना पोहोचता येईल अशाच जागी असावा. खात्याने अगदी प्रामाणिकपणे शोध घेतला. पहिला मजला बाद, कारण लिफ्ट बंद. दुसरा मजला बाद, कारण तीच लिफ्ट. तळमजल्यावरच्या खोल्यांना हातभर उंच उंबरठे. सर्वांना पोहोचता येईल अशी जागा अख्ख्या इमारतीत एकच निघाली.

तिथे टेबल आलं, पंखा आला आणि पाठोपाठ एक साहेब आले. कागदावर त्यांचं पद दीड ओळीचं होतं. शिपाईदादा त्यांना समावेशसाहेब म्हणायचे, आणि तेच नाव चिकटलं. भांडं उखडायचं तर बांधकाम विभागाची परवानगी लागणार, म्हणून झाकण पाडून त्यावर जांभळी मखमली उशी ठेवण्यात आली. ती अभ्यागतांची खुर्ची. मागच्या टाकीवर शोभेचं रोप बसवलं. पाण्याची सोय जवळच असल्यामुळे ते छान वाढलं.

समावेशसाहेब माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर ताईंना त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

“साहेब, मला जायचंय,” ताई पहिल्या दिवशी दारात येऊन म्हणाल्या.

“कुठे?”

“इथेच.”

साहेबांनी उशीकडे पाहिलं, रोपाकडे पाहिलं आणि मग ताईंकडे, मान एका बाजूला कलती करून. तशी मान करायचं त्यांना प्रशिक्षण मिळालं होतं. “ताई, तुमची भावना माझ्यापर्यंत पोहोचली. पण हा कक्ष तुमच्यासाठीच आहे. तुमच्यासाठीच्या कक्षातून तुम्हीच मला उठवायचं, हे कसं दिसेल?”

“पाच मिनिटं तर लागतील. परत बसवते की तुम्हाला.”

“आणि त्या पाच मिनिटांत खात्यात समावेशकता नसेल, त्याचं काय?”

यावर ताईंना उत्तर सुचेना. उत्तर सुचायला आधी घाईची लागलेली नसावी लागते.

तेव्हापासून ताईंनी ऑफिसच्या वेळात पाणी सोडलं. घरी शाळेत जाणारी लेक होती, जिभेला धार असलेली. रोज संध्याकाळी ती आईच्या डब्याबरोबर तशीच भरलेली बाटली बाहेर काढायची आणि कमरेवर हात ठेवायची. “आई, तू उंट आहेस का?”

“उंटाला सरकारी नोकरी नसते, बाई.”

“म्हणून तो बरा आहे. त्याची मूत्रपिंडं सुजली नाहीत.”

हे मात्र खरं होतं. डॉक्टरांनी ताईंना स्पष्ट सांगितलं होतं, दिवसभर पाणी प्यायचं, आणि अडवून ठेवायचं नाही, नाहीतर पुढे फार महागात पडेल. तेव्हा ताईंनी आपल्यापुरता मार्ग काढला. रस्त्यापलीकडे दातांचा दवाखाना होता, त्याला उतार होता, आणि तिथल्या डॉक्टरीणबाई आतला संडास वापरू देत. फक्त पेशंटच आत जाऊ शकतो असा तिथला नियम असल्यामुळे ताई येताना गाल धरून येत. खिडकीत ‘पाच मिनिटांत येते’ अशी पाटी ठेवायची, चाकं फिरवत गेट गाठायचं, रस्ता थांबेल तेव्हा ओलांडायचा, गाल धरायचा. पाच मिनिटांचं हे काम अर्ध्या तासाला जायचं. खिडकीसमोर रांग तुंबायची. एकदा रांगेतल्या पहिल्याच सभ्य गृहस्थांनी खिशातून पेन काढलं, चार ओळी खरडल्या आणि तक्रारपेटीत टाकल्या. खिडकीवरची बाई सारखी जागेवर नसते, दाताचं निमित्त सांगते, अशा लोकांना आपणच डोक्यावर चढवून ठेवलंय, वगैरे.

अशात बातमी आली. संसदेची एक समिती खात्याखात्यांतून समावेशकतेचं काम तपासत फिरत होती, आणि आता दाखले खात्याची पाळी होती.

समावेशसाहेबांचा उत्साह ओसंडून वाहू लागला. भिंतीभर पोस्टरं लागली. एकात ताई डावीकडे बघत होत्या, दुसऱ्यात उजवीकडे, तिसऱ्यात चार ताई एकमेकींशी हात मिळवत होत्या. फोटो काढतेवेळी त्यांना खरोखर जायचं होतं. चेहऱ्यावरचा तो ताण फोटोग्राफरने अचूक टिपला आणि खाली छापलं, ‘निर्धार’.

“ताई, समितीपुढे तुमची साक्ष आहे,” साहेब म्हणाले. “मनमोकळं बोला. मी लिहून दिलंय.”

त्या सकाळी लेकीने आईचे केस नीट बसवले आणि बजावलं, “ते लिहून दिलेलं घरी ठेव. माझ्या खोलीतला पसारा बघून बोलतेस ना, तसं बोल.”

“ते खासदार आहेत गं.”

“मग काय झालं? त्यांनाही लागत असेल ना.”

समिती ठरल्याप्रमाणे उशिरा आली. कक्षात दोनच माणसं मावत होती, त्यामुळे अध्यक्ष आणि समावेशसाहेब आत बसले, समितीचे सचिव दाराच्या चौकटीत उभे राहिले आणि सदस्य बाहेर, खांद्याला खांदा लावून. अध्यक्ष चांगले भरदार गृहस्थ होते. ते अभ्यागतांच्या खुर्चीवर टेकले, दोन्ही दांड्यांवर हात टाकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रसन्नता पसरली.

“वा. फार विचारपूर्वक केलेली बैठक आहे.”

“सगळ्यांना आधार मिळावा हीच दृष्टी, साहेब,” समावेशसाहेब म्हणाले.

अध्यक्ष समाधानाने मागे रेलले. मागे जे दाबलं जायचं ते दाबलं गेलं. खालून प्रचंड आवाज करत पाणी धावलं, रोप थरथरलं, आणि उशी दोन बोटं वर उचलली गेल्यासारखी वाटली. बाहेरच्या सदस्यांनी एकजात छताकडे बघायला सुरुवात केली.

“हे काय होतं?” अध्यक्षांनी सावकाश विचारलं.

“धबधबा, साहेब,” समावेशसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. “आवाजाचा. मनावरचा ताण उतरतो त्याने.”

अध्यक्षांनी क्षणभर डोळे मिटून स्वतःला तपासलं. “उतरला खरा,” ते म्हणाले. सचिवांनी लिहून घेतलं.

मग ताईंना बोलावलं. त्यांची खुर्ची आत जायला दरवाजा पुरेसा रुंद होता, पण दरवाजात समिती होती. त्यामुळे साक्ष बाहेरूनच सुरू झाली. ताईंचा आवाज सदस्यांच्या कोटांमधून वाट काढत आत जात होता. आज समिती यायची म्हणून दवाखान्यातही जाता आलं नव्हतं, आणि धबधब्याने तर त्यांचा जीव कासावीस केला होता.

“बाई,” अध्यक्षांनी आतून विचारलं, “खात्यात तुमचा समावेश झालाय असं तुम्हाला वाटतं का?”

ताईंनी मांडीवरचा साहेबांचा कागद पाहिला. पहिलंच वाक्य होतं, ‘मला कृतज्ञता वाटते.’ त्यांनी कागद उलटा केला.

“साहेब, तुम्ही ज्यावर बसलाय तो संडास आहे. माझ्यासाठी बांधलाय. या लोकांनी त्यात ऑफिस थाटलं. मला दिवसभर जाता येत नाही म्हणून मी पाणी पीत नाही, आणि पाणी पीत नाही म्हणून आजारी पडलेय. मला कक्ष नको, पोस्टर नको. तेवढं तुम्ही उठा.”

शिपाईदादा दूर भिंतीला टेकून उभे होते. ते पुटपुटले, “बरं झालं, बोलल्या एकदाच्या.”

अध्यक्ष उठले नाहीत. उठणं म्हणजे मान्य करण्यासारखं झालं असतं. त्यांनी फक्त दांडे जरा घट्ट धरले आणि सचिवांकडे पाहिलं.

सचिव निष्णात होते. “साक्षीदारांनी वापरलेला शब्द बांधकामविषयक आहे,” ते म्हणाले. “तो बांधकाम समितीच्या अखत्यारीत येतो. ही समिती फक्त समावेशकता पाहते.”

“बाई, तुमच्या भावनेचा आदर आहे,” अध्यक्ष म्हणाले. “पण विषयाला धरून काही आहे का?”

“हाच विषय आहे.”

“तो शब्द या समितीत येत नाही, बाई. बरं, जनतेचं काय म्हणणं आहे? शेवटी आपण जनतेसाठी आहोत.”

समावेशसाहेबांनी तत्परतेने तक्रारपेटी उघडवली. आत चिठ्ठी एकच होती. सचिवांनी ती मोठ्याने वाचली. ‘डोक्यावर चढवून ठेवलंय’ इथे त्यांनी आवाज जरा खाली आणला, पण वगळलं काही नाही. जनतेचं म्हणणं वगळता येत नाही. एवढा वेळ चुळबुळत असलेल्या समितीला अखेर एक खरीखुरी समस्या सापडली, आणि बाहेर उभ्या सदस्यांच्या चेहऱ्यांवर तरतरी आली.

अहवाल सुंदर निघाला. कक्षाची जागा आदर्श ठरली. आधार देणाऱ्या बैठकीला आणि ताण उतरवणाऱ्या धबधब्याला स्वतंत्र परिच्छेद मिळाला, आणि सर्व खात्यांनी हाच नमुना राबवावा अशी शिफारस झाली. ती ताबडतोब अमलात आली. देशभरात जिथे जिथे म्हणून रुंद दरवाजा आणि स्टीलचे दांडे होते, तिथे तिथे एकेक साहेब जाऊन बसले.

जनतेची तक्रारही निकाली निघाली. खिडकी यापुढे बंद दिसू नये म्हणून ताईंची बदली मागच्या दप्तरखान्यात झाली. तिथे खिडकीच नव्हती, त्यामुळे ती बंद असण्याचा प्रश्न मिटला. दप्तरखान्याच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. सकाळी शिपाईदादा आणि दोघे जण ताईंना खुर्चीसकट वर चढवत आणि ऑफिस सुटल्यावर उतरवत. मधल्या वेळात दातांचा दवाखाना म्हणजे परदेश झाला.

“त्या चिठ्ठीवाल्याचा तुला राग नाही येत?” लेकीने बाटली बाहेर काढत विचारलं. बाटली भरलेलीच होती.

“येतो. पण तो पहिल्या नंबरला होता गं, उन्हात उभा होता. त्याला काय माहीत मी कशाला गेले होते.”

लेकीने बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं आणि आई ते संपवेपर्यंत समोर उभी राहिली.

तर त्या गृहस्थांना माहीत नव्हतं, हे ताईंनी मान्य केलं. ताई मोठ्या मनाच्या आहेत. तुम्हाला मात्र आता सगळं माहीत झालं. उद्या रांगेत पहिला नंबर तुमचा असेल, ऊन असेल, आणि खिडकीवरची बाई ‘पाच मिनिटांत येते’ अशी पाटी ठेवून निघून जाईल. तेव्हा सहाव्या मिनिटाला काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. पेन खिशात असेलच. तक्रारपेटी दाराजवळ आहे, आणि तिच्यापर्यंत मात्र सर्वांना पोहोचता येतं.