खालच्या पत्त्यावरच्या सासूबाई

सासूबाईंच्या विणकामयंत्राने स्वेटरच्या डाव्या बाहीच्या मध्यावर मान टाकली, तेव्हा जावईबापू शेजारच्या खोलीत स्वतःवर खूश होऊन बसले होते. खूश होण्यासारखंच होतं. कर्नल म्हणजे संगणकाच्या आतला कारभारी. कुठल्या प्रोग्रामने मेमरीत कुठल्या पत्त्यावर बिऱ्हाड करायचं, ते तो ठरवतो. या वाटपाचा नवा नियम जावईबापूंनी लिहिला होता आणि उद्या तो जगभर जाणार होता. आज घरच्या संगणकावर त्याचं उद्घाटन झालं होतं. सासूबाईंचं यंत्रही त्याच संगणकातल्या एका प्रोग्रामवर चालायचं.

"जावईबापू, हे बंद पडलं हो!"

"आई, तुमचा प्रोग्रामच जुना झालाय."

"जुनी तर मीही झालेय. काल चालत होता. आज तुम्ही काय केलंत?"

जावईबापूंच्या ऑफिसातला पहिला नियम हाच: काल चालणारा प्रोग्राम आपल्या बदलामुळे आज मोडला, तर चूक आपली. हाच नियम तोंडावर फेकून त्यांनी भल्याभल्यांची कामं परत पाठवली होती.

निमूटपणे त्यांनी संगणकात डोकं घातलं. नव्या नियमाचे पत्ते उंचावरचे, त्यांचे आकडे लांबलचक. सासूबाईंच्या प्रोग्रामने पत्ता लिहायला जागा ठेवली होती आखूड. पत्त्याचं मुंडकं उडायचं, प्रोग्राम भलत्याच दारात जाऊन उभा राहायचा आणि कारभारी त्याला बखोट धरून हाकलून द्यायचा.

"मग सगळ्यांनाच खालचे पत्ते!" म्हणत त्यांनी नियम फिरवला. यंत्र खडखडू लागलं. पण खाली जागा मोजकीच. लगेच आतून बायको ओरडली, "अहो, माझे फोटो उघडेनात! जागा नाही म्हणतंय!"

"तिला द्या की वर पाठवून," सासूबाई म्हणाल्या. "तिचं सगळं नवं, चढेल जिने. म्हातारीला कशाला चढवता?"

जावईबापूंनी हाच सल्ला कर्नलला शिकवला. दारातच प्रोग्रामची बांधणी बघायची. जुनी असली तर खालचा पत्ता, बाकीच्यांनी वर जावं. यंत्रही चाललं, फोटोही उघडले. मग त्यांनी छातीवर दगड ठेवून साहेबांना फोन लावला.

"उद्याचा बदल तसाच सोडू नका साहेब. दुरुस्ती पाठवलीय. जुना प्रोग्राम मोडत होता."

"वापरतं कोण तो?"

"माझ्या सासूबाई. एकट्याच."

"एका माणसासाठी कर्नल बदलायचा?"

"ते एक माणूस माझ्या घरात राहतं, साहेब."

"आपली अख्खी तपासणी टीम महिनाभर बसली होती," साहेब हळूच म्हणाले, "कुणाला सापडलं नाही हे. बाईंना विचारा, पुढचे बदलही आधी त्या बघतील का?"

दुरुस्त नियम दुसऱ्या दिवशी जगभर गेला. जावईबापूंची छाती पुन्हा फुगली. आता तीत घराण्याचा अभिमानही मावत होता. पुढचा बदल घेऊन ते अदबीने सासूबाईंपुढे उभे राहिले.

"आई, तुम्ही पास केलंत तरच हे बाहेर जाणार, म्हणालेत साहेब."

सासूबाईंनी चष्म्यावरून एकवार पाहिलं.

"ठेवा तिथे. गळा विणून झाला की बघते."