एक मंजूर दोष

माणसाचा चांगुलपणा त्याच्या घरात राहतो आणि त्याचं नाव शेजाऱ्याच्या तोंडात. घराला कुलूप लावता येतं. शेजाऱ्याच्या तोंडाला लावण्याची सोय अद्याप निघालेली नाही, म्हणून आमच्या सुविचार कॉलनीनं (चिकलठाणा, विमानतळाच्या भिंतीमागं, एकूण घरं बेचाळीस) सुनाम संरक्षण समिती स्थापन केली. मी तिचा सचिव. काम विनावेतन आहे. तसं ते आम्ही सगळेच आधीपासून विनावेतन करत होतो.

पार्श्वभूमी अशी. तुळशीचं लग्न लागलं की कॉलनीत चौकशीवाले येऊ लागतात. मुलगी पाहून झाली, पोहे खाऊन झाले, की मुलाकडचे दोघं जण दुसऱ्या दिवशी गुपचूप परत येतात आणि किराणा दुकानात, इस्त्रीवाल्याकडं, शेजारच्या ओट्यावर विचारतात, "घर कसं आहे हो?" मागच्या हंगामात अशा एकतीस चौकशा झाल्या. एका चौकशीला सरासरी अकरा मिनिटं लागली. त्यातलं पहिलं मिनिट कौतुकाचं होतं.

आठ नंबरचे नानासाहेब गायके हे निवृत्त शिक्षक. त्यांची मुलगी सुरेखा वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. पहाटे साडेपाचला हेल्मेट घालून स्कूटरवर निघते, दुपारी चारला परत येते. (निघताना दिसते हे खरं. कारखान्यातच जाते हे कुणी पाहिलंय?) तिची तीन स्थळं चौकशीनंतर मोडली. तिच्याविषयी कॉलनीत कुणीही एक वाईट शब्द उच्चारला नव्हता, हे मी जबाबदारीनं नमूद करतो. विचारणाऱ्याला सगळ्यांनी दार थोडं लोटून घेत एवढंच सांगितलं होतं, "आपण कशाला कुणाच्या पोरीबद्दल बोलावं?"

तिसरं स्थळ मोडल्यावर नानासाहेब कॉलनीच्या बैठकीत उभे राहिले. तीस वर्षं पोरांना बाकावर उभं करणारा माणूस हात जोडून म्हणाला, "चौथं स्थळ आलंय, कन्नडचं. चांगली माणसं हाईत. तेवढं पोरीचं नाव सांभाळा. दुसरं काय मागत नाय." सगळे गहिवरले. समिती तिथंच झाली. अध्यक्षपद नऊ नंबरच्या रत्नमालाबाईंना दिलं, कारण तिन्ही चौकशा त्यांच्याच ओट्यावर पार पडल्या होत्या आणि अनुभवाला पर्याय नसतो.

पहिला ठराव असा झाला की सर्वांनी एकच उत्तर द्यायचं: "मुलगी गुणी, माणसं सालस, कुणाच्या अध्यात ना मध्यात." ते छापून घरोघर वाटलं. पाठांतरही घेतलं. कन्नडहून मुलाचे मामा भानुदास आले, सात घरी फिरले, आणि सातही ठिकाणी त्यांना तेच उत्तर मिळालं, 'सालस' नंतरच्या उसाशासकट. ऐंशी वर्षांच्या दगडाबाईंनी तर ते न विचारताच दिलं. (त्या आठवड्यात त्यांनी ते सिलिंडरवाल्यालाही दिलं होतं.) जीपमध्ये चढता चढता मामा म्हणाले, "लई पोरींची चौकशी केली. पण एवढी पाठ केलेली पोरगी पाह्यली नाय. काहीतरी झाकताय तुम्ही."

समितीनं या अपयशाचा शास्त्रीय अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला की निर्दोष माणसावर लोकांचा विश्वास बसत नाही. तेव्हा दुसऱ्या ठरावानं प्रत्येक घराला एक मंजूर दोष वाटून देण्याचं ठरलं. दोषांची यादी वाचताच झुंबड उडाली. 'फार भोळे' या दोषासाठी अकरा अर्ज आले. 'देवदेव जास्त' दोन घरांनी वाटून घेतला. 'खरं बोलून वैर घेतात' हा रत्नमालाबाईंनी स्वतःकडं ठेवला. माझ्याकडं 'दुसऱ्यासाठी फार झिजतो' हा आला, जो खराच आहे.

नानासाहेब त्या दिवशी कन्नडला मामांच्या पाया पडायला गेले होते. मामा पुन्हा एकदा यायला कबूल झाले, म्हणून ते एसटीतून आनंदात उतरले. तोवर यादीत दोनच दोष उरले होते: 'मुलगी उलट बोलते' आणि 'मुलगी कधीकधी घरी येत नाही'.

"उलट बोलणंच घ्या, नाना," रत्नमालाबाई मायेनं म्हणाल्या. "दुसरं लई वाईट दिसतं."

नानासाहेबांनी सही केली. पेन माझंच होतं.

मामा आले ते थेट किराणा दुकानावर. तिथं समितीचे नऊ सदस्य सामान घेत होते. (नऊ जणांत मिळून एक काडेपेटी.) मंजुरी एकाच दोषाला होती, पण मंजूर दोष असा मोकळेपणानं बोलायला मिळाल्यावर माणसं खुलली. उदाहरणं आली, हावभाव आले. बाप कसा गप्प बसतो, आई कशी रडते, तेही आलं. त्या दिवशी अकरा मिनिटं पुरली नाहीत.

एवढ्यात सुरेखा कामावरून परत आली. हेल्मेट काढून तिनं सगळं ऐकून घेतलं. मग रत्नमालाबाईंना विचारलं, "काकू, मी तुमच्याशी शेवटचं कधी बोलले?"

बाईंनी बोटांवर मोजलं. "चार वर्षं झाली. इरजण मागायला आली व्हती तू."

"मग उलट कधी बोलले?"

"हे काय," रत्नमालाबाई मामांकडं वळून म्हणाल्या, "आता बोललीच की."

मामांनी मान डोलावली आणि "कळवतो" म्हणाले.

"कळवू नका, मामा," सुरेखा म्हणाली. "समोर उभ्या असलेल्या पोरीची चौकशी तुम्ही दुकानदाराकडं करताय. आमचाच नकार हाय." आणि ती घरी गेली.

मुलीकडून नकार ही नोंद करायला आमच्या वहीत रकानाच नव्हता. ती 'इतर' मध्ये केली.

गेल्या महिन्यात गायक्यांनी घर विकलं. टेम्पो भरून झाल्यावर नानासाहेब प्रत्येक दाराशी थांबून राम राम म्हणत गेले. बरीच दारं लोटलेली होती. मला त्या वेळी मनापासून वाईट वाटलं, लाजही वाटली. या दोन्हींनाही वहीत रकाना नव्हता. बाकी कॉलनीचं नाव शाबूत आहे, म्हणजे समितीचा उद्देश सफल झाला.

आता तुमच्याबद्दल. ही हकीकत ज्यांच्या हाती पडेल त्यांची आधी माहिती काढावी, असा ताजा ठराव आहे. कुणाकुणाच्या हाती काय द्यावं याला काही धरबंध हवा. म्हणून परवा मी तुमच्या शेजारी जाऊन आलो. हो, तेच, ज्यांना तुम्ही दिवाळीचा फराळ देता. काळजी करू नका. तुमच्याविषयी ते एक वाईट शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त दार थोडं लोटून घेतलं आणि म्हणाले, "आपण कशाला कुणाबद्दल बोलावं?"