पोपटीपुरती थंडी

लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली, तरी धर्मराजच्या घरी व्याही एकदाही मुक्कामाला राहिले नव्हते. निफाडचे कृष्णकांतराव यायचे, जेवायचे, मान पुसत "चिकचिक फार हो तुमच्या पनवेलला" म्हणायचे आणि गाडीत बसायचे. मग गावात जो तो विचारायचा, "काय रं, व्याही रुसलं का काय?"

म्हणून जानेवारीत धर्मराजने फोनवर ठोकून दिलं, "व्याहीबुवा, औंदा काय थंडी हाय आमच्याकडं! पोपटी लावतो, मुक्कामालाच या. स्वेटर इसरू नका."

बोलला तेव्हा बनियनवर होता. पण महिना थंडीचा, दोन दिवसांत पडेलच, असा त्याचा हिशेब. पडली नाही. उलट आभाळ भरून आलं आणि झाडाचं पान हलेना. आपण हवामान खात्यात नोकरीला नाही, हे सरकारचं नशीब, असं त्याला वाटून गेलं.

शनिवारी दिवस मावळताना व्याही-विहीण आले. धर्मराज दारात स्वेटर, मफलर, पायमोजे घालून उभा. थंडीचा पुरावा म्हणून त्याच्याकडे स्वतःखेरीज दुसरं काही नव्हतं.

अंगणात तो पोपटीसाठी मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरू लागला.

"आवो, घाम गळतोय तुमचा मडक्यात," त्याची बायको विनिता पुटपुटली.

"दव हाय तो. गप."

मडकं उपडं करून जाळ लावला. कृष्णकांतराव जाळाशी सरकून बसले. धर्मराजला चेव चढला. "पहाटे बगा, दात वाजतात. पाण्यात हात घालवत नाय. म्हशीसुदिक उठत नायत." वाक्यागणिक व्याह्यांचा चेहरा उतरत गेला. निफाडची थंडी हरली, असं समजून धर्मराजने मफलर आणखी आवळला.

शेंगा खाऊन होताच कृष्णकांतराव उठले. "येतो आम्ही."

"का वो? काय चुकलं?"

"तुमचं काही नाही. निफाडच्या थंडीनं गुडघे धरलेत माझे. डॉक्टर म्हणाले, कुठंतरी उबेत जाऊन राहा. म्हटलं, पनवेलसारखी ऊब कुठं? महिनाभराचे कपडे आणलेत. फोनवर वाटलं, थट्टा करताय. पण तुम्ही तर मफलर सोडेनात. आत्ता जाळापाशी ठीक आहे हो, पहाटे माझं काय होईल?"

 धर्मराजने मफलर सोडला, स्वेटर डोक्यातून ओढून काढला आणि सदऱ्याचं टोक पिळलं. धार लागली.

"ही आमची थंडी, व्याहीबुवा."

कृष्णकांतरावांनी सदऱ्याला बोट लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, बॅगा आत घ्या!"

खोलीत पाऊल टाकताच ते खूश झाले. "वा, नुसती भट्टी! तेवढा पंखा मात्र महिनाभर बंद ठेवा. खिडकीही लावून घ्या." मग पलंगाशेजारची सतरंजी त्यांनी स्वतःच झटकली. "आणि तुम्ही इथंच झोपायचं बरं का. गप्पा मारू."