बोल्ट उकळणारे मास्तर

आमच्या वडशात सकाळी लोक चहा उकळतात, शेजारचे बोरकुटे मास्तर बोल्ट उकळतात. दाराची पितळी कडी, ॲल्युमिनियमची झाकणी, बैलाच्या गळ्यातली घंटी, काही सोडलं नाही. ऐन धानकापणीत माझा विळा नेला आणि उकळून आणला. मूठ निघून हातात आली.

"मास्तर, विळा काऊन उकळला जी?"

"लोखंडाच्या पोटात किती उष्णता मावते ते पाह्यलं, भाऊ."

"मावली का?"

"मावली. पण थोडी चोरी झाली."

त्यांची रीत अशी. उकळत्या पाण्यातला तुकडा दोऱ्यानं उचलायचा, थंड पाणी भरलेल्या तांब्याच्या गडवीत चटकन सोडायचा आणि ते पाणी किती तापलं ते थर्मामीटरवर बघायचं. त्यावरून त्या धातूचा हिशेब. गडवीला घोंगडीचा तुकडा गुंडाळलेला, कारण उष्णता बाहेर निसटली की आकडा पुस्तकाशी जुळत नाही. तीच ती चोरी. म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, आणि आपण जवळ बसलो तर म्हणायचे, "भाऊ, श्वास तिकडं सोडा."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून हेच. बायको नाही, पोर नाही. मी तोंडावर म्हटलं होतं, लग्न केलं असतं तर हे सुचलं नसतं. हसले नाहीत.

गडवी माझ्या बायकोची, सुमनची. माहेरून आलेली, काठावर नाव कोरलेलं. तिनंच मास्तरांना वापरायला दिली होती. रोज त्यांना चहा द्यायला जायची आणि उशिरा यायची.

"चहा द्यायले एवढा वेळ?" मी ओरडायचो.

"मास्तर बोलल्याबिगर सोडत नाई," म्हणायची.

उन्हाळ्यात ती गेली. थंडी पडली तरी गडवी मास्तरांकडेच. तिच्या फोटोपुढे पाणी ठेवायला मला तीच पाहिजे होती. मागितली की उत्तर एकच, "प्रयोग चालू हाये, उद्या देतो." पण त्यांच्या घरातून वाफ दिसेना, खिडकीही उघडीच. शेवटी चिडून गेलो.

मास्तर गडवी मांडीवर घेऊन बसले होते. शेगडी थंड.

"प्रयोग कुठी हाये? काऊन फसवता माणसाले? द्या गडवी."

त्यांनी ती पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

"मले थर्मामीटरच्या रेघा दिसत नाई, भाऊ. लई वर्षं झाले. सुमनबाई वाचून सांगत होत्या."

"ती? ती तर चौथीच शिकली."

"बरोबर सांगत होत्या. कोणाले बोलू नका म्हटलं होतं मी. आंधळा मास्तर प्रयोग करते म्हणून लोक हासते."

जन्मभर एका घरात राहिलो आणि मला पत्ता नाही. तिला त्यात गोडी वाटत होती की नुसती दया येत होती, ते आता कोणाला विचारू? विचारायचं तेव्हा मी चहावरून ओरडत होतो.

गडवी घेऊन निघायला पाहिजे होतं. मी शेगडी पेटवली. पाणी उकळलं. मास्तरांनी दोऱ्यानं बोल्ट उचलला. नेमका गडवीत सोडला. मी थर्मामीटरवर वाकलो. पारा चढला आणि थांबला.

"किती?"

"अठ्ठावीस."



"बाई अर्धी रेघ बी सांगत होत्या."

मी परत वाकलो.