केसरचा मामा काही हलेना

बायकांचं मन ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या चितेगावात कुणी नव्हता! निदान त्र्याण्णव सालापर्यंत माझं तरी तसंच मत होतं.

आमच्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला आणि मी त्याचा ऑपरेटर झालो. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला त्रिंबक थंडगार खोलीत बसतो, म्हणून गावात काय रुबाब! त्या खोलीत साहेबसुद्धा चपला काढून यायचे. पण टेलिफोनवर बसणाऱ्या सुगंधाबाई दिसल्या की माझी बोबडी वळायची. 'जरा स्टोअरला फोन जोडा' याच्यापुढं मजल जात नव्हती.

म्हणून मी बेत केला. कॉम्प्युटरवर एक खेळ लिहायचा. त्यात बिरू नावाचा पोरगा आणि केसर नावाची पोरगी. खेळणाऱ्यानं बिरू होऊन बोलायचं, केसर पडद्यावर उत्तर देणार. तिनं होकार दिला की शेवटी अक्षरं उमटणार, 'सुगंधाबाई, हा खेळ लिहिणाऱ्याशी लग्न कराल का?' बस्स! मला तोंड उघडायची गरजच नाही!

आधी कँटीनच्या गोजरबाईंना खेळ वाचून दाखवला. बिरू म्हणाला, 'तू मला आवडतेस.' केसर म्हणाली, 'मलापण तू आवडतोस.'

गोजरबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! लगीच व्हय म्हनली? असली पोरगी कुनाच्या घरची? जरा लाजू दे की तिला!"

मी केसरला लाजवलं. ती इतकी लाजली की बिरू दुपारपर्यंत एकटाच बोलत बसला.

मग स्टोअरचे सूर्यभानराव डोकावले. "पोरीचा मामा कुठंय? मामाबिगर सोयरीक? लई खोटं वाटतंय, त्रिंबक!"

मामा घातला. विहिरीला पाणी आहे का, मेंढरं किती, दारू पितोस का, असं तो विचारू लागला. लगेच गोजरबाई म्हणाल्या, "आन् आत्याचा मान? आत्या रुसंल ना!" आत्याही घातली. प्रेम जरा मागं पडलं, पण खेळ असा खरा वाटायला लागला की सूर्यभानराव पडद्यावरच्या मामाला हात जोडूनच बोलायचे!

आणि एके दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद झालं. बस येईना, सगळे कारखान्यातच अडकले. बाहेर माणसं एका नावासाठी वर्षानुवर्षं लढत होती, आणि मला एक नाव घ्यायला कॉम्प्युटर लागत होता! तेवढ्यात सुगंधाबाईच म्हणाल्या, "तुमचा त्यो खेळ दावा की." झालं! दारात चपलांचा ढीग पडला आणि अख्खी पाळी आत!

सुगंधाबाईंनी केसरला हसवलं, तिची लाज घालवली. मामाला तर अशी उत्तरं दिली की तो म्हणाला, 'पसंत आहे. फक्त आत्याला विचारा.' आत्या म्हणाली, 'माझी ना नाही. फक्त मामाला विचारा.' मामा म्हणाला, 'आत्याला विचारा.' आत्या म्हणाली...

दोघांचा मान राखण्याच्या नादात शेवटचा शब्द कुणाचा, हे मी लिहिलंच नव्हतं! मामा-आत्या पडद्यावरून भराभर पळत होते आणि माझी शेवटची अक्षरं काही उमटेनात.

"आत्याला लुगडं न्या!" गोजरबाई ओरडल्या.

"आधी मामाला गाडी धाडा!" सूर्यभानराव त्यांच्यावर ओरडले.

सुगंधाबाईंनी हात आवरते घेतले. "त्रिंबकराव, पोरीला कवा इचारनार?"

"शेवटी!" मी घाबरून ओरडलो. "शेवटी तुम्हालाच विचारायचं होतं!"

सगळी खोली माझ्याकडं वळली. माझे कान तापले.

"काय इचारायचं व्हतं?"

"माझ्याशी लग्न कराल का?"

त्या लाजल्या नाहीत की गप्प बसल्या नाहीत. "करीन की! मानसानं वाट तरी किती बघायची?"

मला इतका आनंद झाला की बसची वाटही न बघता मी चपला न घालताच घरी पळालो. आई रडली, बाप हसला. घरी आलेला माझा मामा पुंजाराम मात्र सगळं ऐकून ताडकन उठला. "मिशिनीतल्या मामाला इचारलं, मिशिनीतल्या आत्याला इचारलं, आन् सख्ख्या मामाला कोन इचारनार?"

लग्नात तो आला, अक्षता टाकल्या आणि न जेवताच गेला. आमच्या घरचा चहा त्यानं अजूनही घेतलेला नाही. सुगंधा म्हणते, खेळात सगळं खरं होतं, तेवढा एक बिरूचा मामा कमी पडला!