तरवडाला पाणी

झाडाला पाणी घातलं म्हणून शिव्या खाणारा आमच्या गल्लीतला पहिला माणूस मी. शेजारधर्म म्हणून तांब्या ओतायला गेलो, तर शेजारच्या नरसव्वाने तो हातातून हिसकावून घेतला.

"घालू नको मास्तर! त्याला सवय लागतंय!"

झाड म्हणजे तिच्या दारातला तरवड. माळावर आपोआप उगवणारं पिवळ्या फुलांचं झुडूप ते, पण नरसव्वा दारात विड्या वळायला बसायची ती शेजारी काठी ठेवून. कुणाचा हात फुलाकडे गेला की काठी उठायची. तिच्या तेलुगूत ते तंगेडू. नवरात्रात बतुकम्मासाठी, म्हणजे त्यांच्या फुलांच्या देवीसाठी, परातीत फुलं रचायची, ती आधी तंगेडूचीच. बाजारातली विकतची फुलं तिच्या लेखी फुलंच नव्हती.

"सवय लागतंय" हे तिचं सगळ्यालाच उत्तर होतं. चहात साखर जास्त नको, उशाला उशी नको. तिची लेक लक्ष्मी माझ्या वर्गात पहिली आली, तेव्हा मी पाठ थोपटली. नरसव्वा शाळेत येऊन मलाच बजावून गेली, "लई कौतुक करू नको, मास्तर." मला तेव्हा बाईचा राग आला होता.

लक्ष्मी लग्न होऊन आंध्रात गेली. तीन वर्षं माहेरी फिरकली नाही. बहात्तरच्या दुष्काळात मात्र बतुकम्माला येते म्हणाली. बाजारात झेंडू दिसेना, नळाला पाणी येईना, आणि तरवड पिवळाधमक. पण परातीतली फुलं शेवटी पाण्यात सोडायची, आणि तळं तर आटलेलं. यंदा राहू दे, असं गल्लीने समजावलं.

"बतुकम्मा कोरडी धाडणार न्हाय," नरसव्वा म्हणाली. मग वाट्याच्या घागरीतलं तांब्या तांब्या पाणी काढून तिने आठवडाभर घंगाळ भरलं. स्वतः ओठ कोरडे घेऊन हिंडली.

अष्टमीला सकाळी पोस्टकार्ड आलं. वाचायला माझ्याकडेच आणलं. लक्ष्मीचं अक्षर अजून वळणदार होतं. ‘येणं जमत नाही. माझं सगळं ठीक आहे. मला काही लागत नाही.’

नरसव्वाने काठी आत टाकली आणि गल्लीतल्या पोरींना हाका मारून फुलं तोडायला लावली. संध्याकाळी पोरी परातीभोवती टाळ्या वाजवत फिरल्या, फुलं घंगाळात सोडली गेली. सगळे पांगल्यावर तिने ते घंगाळ उचललं आणि तरवडाच्या बुडाशी हळूहळू रितं केलं.

मला राहवलं नाही. "नरसव्वा, सवय लागेल की त्याला."

"लागू दे," ती म्हणाली. "लक्ष्मीला लागू दिली न्हाय मी. आता तिला आई लागत न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वाटणीतला तांब्या घेऊन तिच्या दारात गेलो. तिने नुसती बाजूला सरकून जागा दिली.